आईचे हात मोकळे ठेवण्याबाबत

३ फेब्रुवारी, गोदाम

ठकू,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे बाजूला टाकशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून ट्रकवाल्या काकांना बजावलंय, की तू पाकीट फोडेपर्यंत दारातून हलायचं नाही. ते हलणार नाहीत. लहानपणी तू त्यांना पोत्यांच्या थप्पीवरून ढकललं होतंस, तरी त्यांचा तुझ्यावर जीव आहे. फोन तू माझा उचलत नाहीस, तेव्हा कागदाशिवाय मार्ग उरला नाही.

जुनं उकरायला लिहीत नाही. आईने तुझ्याकडे राहावं की माझ्याकडे, त्यावर मी माझ्या जागी आहे, तू तुझ्या जागी आहेस. आजचं काम वेगळं आहे. तुझ्या नर्सिंगच्या पेशातला सल्ला हवाय.

आमच्या बारदानाच्या बाजारात माझे एक स्नेही आहेत. भला माणूस, तोंडाने जरा फटकळ. त्यांच्या म्हाताऱ्या आईचा खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण तेव्हापासून म्हातारी भलतंच बोलते. कधी ओळखते, कधी नाही. धड जागी नसते म्हणून पोटाला जे काय द्यायचं ते नाकातल्या नळीतून. आणि ती नळी ती उपसायला बघते. म्हणून बँडेजच्या पट्ट्यांनी दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधलीत.

आता त्या वॉर्डात नव्या इन्चार्ज सिस्टर आल्यात. त्यांनी काढलंय, की हात बांधणं बंद करून बघू या. हुकूम नाही, करून बघायचं. खिडकीकडच्या रांगेतल्या पेशंटांचे हात मोकळे, भिंतीकडच्या रांगेत जुनी पद्धत. काही दिवस दोन्हीकडे लक्ष ठेवायचं आणि मग सगळ्या सिस्टरांनी बसून काय ते ठरवायचं. म्हातारी भिंतीकडे आहे.

स्नेह्यांना भेटायला गेलो होतो तेव्हा सिस्टरांचं बोलणं कानावर पडलं. माझे कान तुला माहीतच आहेत.

एक म्हणाली, ‘नळी निघाली तर डॉक्टर कुणाला विचारणार? नव्या पद्धतीला, का मला?’

दुसरी म्हणाली, ‘बांधलेल्यांच्या निघत नाहीत वाटतं? गेल्या महिन्यात निघाली की.’

‘निघाली. पण तेव्हा सांगता तरी आलं, की बाई, आम्ही बांधलं होतं.’

मला ते फार पटलं. आमच्याकडेही माल भिजला तर पहिला प्रश्न हाच, ताडपत्री टाकली होती का? टाकली होती म्हटलं की सुटलो. माल भिजलेलाच असतो.

तर सांग, तुमच्याकडे काय करतात? बांधतात की सोडतात? स्नेही बिचारे अस्वस्थ आहेत. धड जेवत नाहीत, गोदामात आले तर उभ्या उभ्याच परत जातात.

इकडे सगळं ठीक. आईही ठीक.

दादा


६ फेब्रुवारी, वॉर्डाबाहेरचा बाक

ठकू,

काकांनी तुझी चिठ्ठी दिली. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. ‘ती म्हातारी आई आहे का?’

हो. आई आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवलं, कबूल. पण तू सांग, इतक्या काळाच्या अबोल्यानंतर पहिल्याच ओळीत काय लिहिणार होतो? पडली कशी, ते सांगतो. मागच्या दारी बसली होती, उठताना उंबऱ्याला पाय अडला. घरात मी नव्हतो, तुझी वहिनी होती, तिने एकटीने उचलायचा प्रयत्न केला आणि स्वतःची कंबर धरून बसली. तिला काही लिहू नकोस, आधीच ती स्वतःला खात असते.

आता इथलं. वॉर्डात एक जुन्या सिस्टर आहेत, उंच, ताठ, चालताना बुटांचा आवाज. मी मनात त्यांना सुभेदार म्हणतो. नवीन पद्धतीच्या पक्क्या विरोधात. परवा त्यांनी माझ्यासमोर आईचा उजवा हात बांधला. पट्टीखाली कापूस, दोन वेढे, वर अशी गाठ, की गोदामातला मुकादम बघता तर पगार वाढवून त्यांना गोदामात घेऊन गेला असता. त्या वळल्या, ट्रेवरची कात्री उचलून परत फिरल्या, तोवर आईने गाठ सोडली होती. डावा हात सैल बांधलेला, त्याची बोटं जेमतेम पोचत होती, तेवढ्यावर. आणि त्यांच्याकडे बघून हसली सुद्धा.

सुभेदार म्हणाल्या, ‘काय हो, आई कुठे नोकरीला होत्या?’

म्हटलं, ‘नोकरी कसली! जन्मभर गोण्या उसवल्या. साखरेच्या, सिमेंटच्या, दाण्याच्या. आमचं घर त्यावर उभं राहिलं.’

‘तरीच,’ म्हणाल्या, आणि नवीन गाठ पलंगाच्या खालून घेतली. तिथे बोट पोचत नाही. आता सुटत नाही.

मनगटं जरा लाल झालीत. जरा म्हणजे जरा. तेल लावतात.

पण ठकू, तिचे हात थांबत नाहीत. बांधलेले असतानाही बोटं चालूच. चिमटीत धरल्यासारखं करते, ओढते, सोडते. मी बाकावर येऊन बसतो, पुन्हा उठून आत जाऊन बघतो, पुन्हा बाकावर. शेजारच्या पेशंटचा भाऊ म्हणाला, ‘शेठ, तुम्हाला पण बांधायला पाहिजे.’ हसलो. दुसरं काय करणार?

इन्चार्ज सिस्टर चांगल्या आहेत. बारीक आवाजात बोलतात, पण ऐकावं लागतं. मी म्हटलं माझी बहीण तुमच्याच पेशातली आहे, तर म्हणाल्या, ‘मग विचारा ना त्यांना. आम्हाला कुणीतरी करून बघितलेलं माणूस हवंच आहे.’

विचारतो आहे.

दादा


१० फेब्रुवारी, गोदाम

ठकू,

या वेळी पानभर लिहिलंस, पण ते पत्र म्हणायचं का पोलीस चौकशी? ना दादा, ना नमस्कार. नुसते प्रश्न. नळी अजून का आहे? गिळता येतं का, हे पुन्हा कधी बघितलं? ती नळीच ओढते की हाताला लागेल ते सगळं? दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त? चष्मा लावता का तिला? हात बांधायला कुणी सांगितलं?

तसाच कागद नेऊन इन्चार्ज सिस्टरांच्या हातात दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला आणि हसल्या. म्हणाल्या, ‘या बाई माझ्या वॉर्डात हव्या होत्या.’ मग पाळी बदलताना सगळ्या जमतात तेव्हा मोठ्याने वाचून दाखवला. सुभेदार हाताची घडी घालून ऐकत होत्या. चष्म्याचं आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘चष्मा आहे?’

‘आहे. घरी.’

‘म्हणजे ऑपरेशनपासून त्यांना काहीच दिसत नाहीये, आणि आपण म्हणतोय ओळखत नाहीत!’

लगेच वहिनीला फोन करून चष्मा मागवला. लावल्यावर आईने पहिल्यांदा सुभेदारांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, ‘हिला खायला घालत नाहीत का?’ तेवढ्यात पुन्हा हरवली, पण तेवढी तरी भानावर आली.

नळीबद्दल डॉक्टर म्हणाले, थोडी आणखी जागी राहू दे, मग बघू. गिळण्याचं सुरुवातीला बघितलं होतं, नंतर राहून गेलं. इन्चार्ज सिस्टरांनी ते लिहून घेतलं.

आणि ती सगळंच ओढते का, हा तुझा प्रश्न सिस्टरांमध्ये फार गाजला. कुणालाच खात्रीने सांगता येईना. मग प्रत्येक पाळीत बघायचं ठरलं. निघालं काय, तर पांघरूण ओढत नाही. सलाइनची सुई वर गुंडाळून टाकलीय, तिला हात लावत नाही. खालची लघवीची नळी पांघरुणात असते, तिच्याकडे ढुंकून बघत नाही. फक्त नाकातली. ‘गंमतच आहे,’ इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या.

त्यावर त्यांनी आईला खिडकीच्या रांगेत हलवलं. अट एकच, दुपारी ती जास्त घोटाळते तेव्हा घरचं कुणीतरी शेजारी बसायचं. सिस्टर मोजक्या आहेत, प्रत्येकीला एका पेशंटपाशी बसता येत नाही. सुभेदार स्पष्ट म्हणाल्या, ‘नातेवाईक दोन दिवस बसतात, तिसऱ्या दिवशी चहाला जातात.’ म्हटलं, मी चहा सोडतो.

पट्ट्या सोडल्या तेव्हा आईने दोन्ही हात वर धरून बघितले, उलटेसुलटे, बाजारात माल पारखल्यासारखे.

तुझा शेवटचा प्रश्न राहिला. पुढच्या पत्रात लिहीन. ट्रक निघतोय.

दादा


१२ फेब्रुवारी, वॉर्डाबाहेरचा बाक

ठकू,

नळी निघाली.

काल दुपारी. मी शेजारी होतो. सगळ्यांना सांगितलंय, की जरा बाहेर गेलो होतो. तुला खरं सांगतो, कारण तू तिथे आहेस आणि मी इथे, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला बसवत नाही.

तिचा हात नाकाकडे गेला. नाकावर चिकटपट्टी, तिचा एक कोपरा सुटून वर आला होता. बोट त्यावर आलं आणि थांबलं. ठकू, तुला आठवतं ना, गोणीचं तोंड साखळी टाक्याने शिवलेलं असतं? चुकीच्या बाजूने ओढलं की जाम होतं, मग दाभणाने तासभर टोकरत बसा. बरोबर टोक मिळालं की एक झटका, आणि सुतळी सुर्रकन निघून येते, गोणी आ वासते. आई कधी चुकायची नाही. बघायची सुद्धा नाही, बोटाने चाचपायची. तसंच चाचपलं. हे टोक की ते टोक. चिमूट धरली, आणि सुर्रकन.

आणि मी बघत राहिलो. धडधडीत बघत राहिलो. कौतुकाने! मनात म्हटलंसुद्धा, वा, अजून हात तोच आहे. नळी तिच्या मुठीत लोंबत होती, नाकातून रक्ताचा ओघळ आला, तेव्हा मी भानावर आलो आणि ओरडलो.

दुपारच्या पाळीच्या सिस्टर समोरच्या पेशंटची जखम बांधत होत्या. हसऱ्या आहेत, कुणाला उलटून बोलायच्या नाहीत. हातमोजे फेकून धावत आल्या. रक्त थांबलं, फार नव्हतंच. पण मग सुभेदार आल्या.

‘तू कुठे होतीस?’

‘ड्रेसिंग करत होते. नातेवाईक बसले होते, म्हणून मी…’

‘बसले होते का?’ हे मला.

आणि मी म्हणालो, ‘जरा बाहेर गेलो होतो. फोन आला होता.’

तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर खोटं बोलून जेवढा फायदा झाला नसेल, तेवढं नुकसान या एका वाक्याने झालं. त्या हसऱ्या सिस्टरांचा चेहरा पडला. कारण नियम असा, की नातेवाईक उठला तर त्याने सांगायचं आणि सिस्टरने लक्ष ठेवायचं. मी सांगितलं नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. पेशंटच्या मुलाला खोटं कसं पाडणार?

सुभेदार एवढंच म्हणाल्या, ‘झालं तुमचं करून बघून?’

डॉक्टर येऊन गेले. उद्या सकाळी नळी पुन्हा घालायची, तोवर सलाइन. नळी पुन्हा आली की हातही पुन्हा बांधणार. नुसते आईचे नाही. उद्या सकाळीच सगळ्या सिस्टर बसणार आहेत, आणि बहुतेकींचं म्हणणं आहे की खिडकीची रांगही बंद करावी. त्या रांगेत एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांना बांधलं की ते रडतात.

चार पावलं चालतो, परत येतो. वहिनी म्हणाली, ‘तुम्हाला मुंग्या आल्यात का?’

आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. हात बांधायला कुणी सांगितलं? मी. पहिल्याच दिवशी. सिस्टर म्हणाल्या, जरा वाट बघू. मी म्हणालो, ‘वाट कसली बघता, बांधून टाका. काही झालं तर?’

दादा


१४ फेब्रुवारी, गोदाम

ठकू,

काल सकाळी गेलो, तेव्हा सिस्टरांची खोली बंद होती. दार पातळ आहे. कान लावायची गरज नव्हती, पण मी लावला.

इन्चार्ज सिस्टर म्हणत होत्या, ‘एका घटनेवरून ठरवायचं नाही.’ कुणीतरी म्हणालं, ‘एकाच घटनेवरून नोकरी जाते.’ सुभेदार म्हणाल्या, ‘मला हौस नाही हो बांधायची. पण घरचा माणूस बसवूनही नळी निघते, तर उद्या मी कुणाच्या भरवशावर सोडू?’ आणि त्या हसऱ्या सिस्टरांचा आवाज, बारीक, ‘माझंच लक्ष नव्हतं, असं लिहा.’

मी दार लोटलं. म्हटलं, ‘त्यांचं काही लिहू नका. मी तिथेच होतो.’

सगळ्या बघायला लागल्या. सांगितलं. चिकटपट्टीचा कोपरा, साखळी टाका, झटका, सगळं. हातवारे करून, कारण नुसतं तोंडाने ते सांगता येत नाही.

सुभेदार म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही बघत होतात?’

‘हो.’

‘अडवलं नाहीत?’

‘नाही.’

‘का?’

‘फार छान काढली हो.’

मग कोपऱ्यातल्या एकीला हसू फुटलं, ते पसरत गेलं. सुभेदार हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मग चूक पद्धतीची नाही. ह्यांच्या घराण्याची आहे.’ आणि खुर्चीत जरा पुढे सरकल्या. ‘पुन्हा सांगा. कोपरा सुटलेला होता म्हणून हात गेला?’

‘टोक दिसलं की तिचा हात जातो. न दिसलं तर जात नाही. म्हणून तर सुईला हात लावत नाही.’

मग त्या आपसात बोलायला लागल्या आणि मी कुणीच नव्हतो. पट्टी गालावर आडवी लावायची, कडा दाबून. नळी कानामागून पाठीकडे न्यायची, म्हणजे समोर लोंबणार नाही. मास्तरांचं काय? ते नळी ओढत नाहीत, ते उठायला बघतात, त्यांना दर थोड्या वेळाने लघवीला नेलं तर? एक म्हणाली, ‘नेणार कोण?’ दुसरी म्हणाली, ‘बांधायला जातो तेवढाच वेळ न्यायला.’ पहिली म्हणाली, ‘तुझी पाळी असेल तेव्हा बोल.’ भाजीबाजारात असावी तशी घासाघीस. पण प्रत्येकजणी आपण स्वतः काय बघितलं, तेच सांगत होती.

शेवटी सुभेदार म्हणाल्या, ‘त्या लांबच्या बाईंनी पहिलाच प्रश्न काय विचारला होता? नळी अजून का आहे? परवापासून तर नाहीये. घालायच्या आधी गिळतात का बघू.’ डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बघा, मी इथेच आहे.

आईला ताठ बसवलं, पाठीला उशा. चष्मा. सुभेदारांनी स्वतः चमचा घेतला, दुसऱ्या हाताची बोटं आईच्या गळ्यावर ठेवली. एक चमचा पाणी. गळा हलला. मग त्या मला म्हणाल्या, ‘त्यांना बोलतं करा. पाणी चुकीच्या वाटेने गेलं तर आवाज ओला येतो, घोगरा. तुम्हाला नेहमीचा आवाज माहीत आहे. ऐका.’

ठकू, उभा जन्म मी आवाजावर धंदा केला. गिऱ्हाईकाने ‘बघू’ म्हटलं की कळतं, घेणार की नाही. आणि त्या क्षणी मला वाटलं, की मला बहिरेपण आलंय. म्हटलं, ‘आई, काहीतरी बोल.’

आई म्हणाली, ‘ही बाई पाणी पाजतेय का पोतं भिजवतेय? भांड्याने दे म्हणावं.’

‘नेहमीचा?’ सुभेदारांनी विचारलं.

‘अगदी नेहमीचा,’ मी म्हणालो.

चमच्याचमच्याने पाणी, मग पातळ पेज. संध्याकाळपर्यंत खोकला नाही, ताप नाही. नळी पुन्हा घातली नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं, तर माझ्या चुकीचं कौतुक व्हायचं, म्हणून म्हणत नाही.

ठरलं ते असं. खिडकीची रांग चालू राहील. भिंतीच्या रांगेत कुणाला बांधायचं झालं, तर आधी विचारायचं, ज्यासाठी बांधतोय ती नळी आज लागते का? लागत असेल तर लपवता येते का? तरीही बांधायचं, तर एकटीने ठरवायचं नाही, दोघींनी. आणि प्रत्येक पाळीत नव्याने. हे शेवटचं सुभेदारांनी घातलं. एक सिस्टर शेवटपर्यंत नाही म्हणत राहिल्या, त्यांचंही ऐकून ठेवलंय. हसऱ्या सिस्टरांवर काही लिहिलं नाही. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाल्या, ‘काका, पुढच्या वेळी कौतुक करा, पण हात धरून.’

दादा


१९ फेब्रुवारी, आईच्या पलंगाशेजारी

ठकू,

सकाळी ती शहाणी असते. काल मला गोदामाच्या छपराचं काय केलंस म्हणून विचारलं. दुपार झाली की घोटाळा सुरू. उठायला बघते, पाय टेकवायचा नाही हे विसरते, ऑपरेशनच्या जागेवरची पट्टी चाचपते. त्या पट्टीला टोक आहे. झाकलंय, पण ती आता हुशार झालीय.

अट तीच आहे, दुपारी घरच्या माणसाने बसायचं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘आणखी आठवडाभर तरी. कुणी नसेल त्या दुपारी मी शब्द देऊ शकत नाही.’ त्यांचं बरोबर आहे. खोटं आश्वासन देण्यापेक्षा हे बरं.

वहिनीची कंबर पूर्ण धरलीय. सकाळची तेवढी बसते, तीही टेकून. एक सांभाळणारी बाई बघितली. चांगली, अनुभवी. तिने पहिलंच विचारलं, ‘हात बांधायची मुभा आहे ना? नाहीतर मला जमायचं नाही.’ तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसरीने विचारलं नाही, पण तिच्या पिशवीत पट्ट्या होत्या. आता राहिलो मी. गोदामात माल उघड्यावर पडलाय, मुकादम दिवसातून दहा वेळा फोन करतो. काल दुपारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. उघडला तर आईचा एक पाय पलंगावरून खाली. सुभेदारांनी तिला धरलं होतं. त्यांनीच पाय उचलून वर ठेवला.

हे तुला माहीत असावं म्हणून लिहितोय, बाकी काही नाही. मार्चअखेर आली, तुझी रजा वगैरे शिल्लक असते का गं? सहज विचारलं.

आज सकाळी आई म्हणाली, ‘ठकूला कळवलंस?’

‘कळवलं.’

‘मग?’

‘मग काय? तिला नोकरी आहे, व्याप आहे.’

‘तू तिला ये म्हणालास का?’

‘म्हणजे काय, कळवलं म्हणजे…’

‘म्हणजे नाही म्हणालास.’

आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तेवढं तिला फिरवता येतं आता.

खरं आहे. इतकी पानं लिहिली. स्नेही काढले, सिस्टरांचं राजकारण लिहिलं, तुझा सल्ला मागितला, रजेची चौकशी केली. भाव करायची सवय. समोरच्याने आधी बोलावं म्हणजे आपल्याला वाकावं लागत नाही. माल विकताना ठीक असतं ते.

तर म्हणतो. ये.

दादा


२३ फेब्रुवारी, घर (दाराला अडकवलेली चिठ्ठी)

ठकू,

बेल वाजवू नकोस. सामान पायरीवर ठेव, शेजारच्या काकू आत घेतील. तशीच पुढे जा. वहिनी दुपारपर्यंत तिथे आहे, नंतर तुझी पाळी.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या रांगेत शेवटून दुसरी. सिस्टर तुझी वाट बघतायत, प्रश्न काढून ठेवलेत म्हणे. सुभेदारांना सुभेदार म्हणू नकोस, त्यांना माहीत नाही.

आईचं. पाणी भांड्याने, ताठ बसवून, हनुवटी जरा खाली. एका वेळी थोडं, मग तिला बोलू दे आणि आवाज ऐक. उजव्या कुशीवर नाही. चष्मा उशाखाली सरकतो, तिथेच बघ. जखमेची पट्टी मागच्या बाजूने चिकटवलीय, तिथे तिचा हात पोचत नाही, पण कोपरा उठला की सिस्टरला सांग. चुळबुळ सुरू झाली तर हात धरू नकोस, तिला आवडत नाही. तुझा हात तिच्या हाताखाली नुसता ठेव. ती दाबून बघेल, बोटं मोजेल, मग सोडून देईल. पाय पलंगावरून खाली टाकायला लागली तर बहुधा लघवीला झालेलं असतं. तुला बघून रडेल. पाच मिनिटांत रागावेल. ते झालं की ठीक असतं.

आणि दादा कुठे म्हणून विचारेल. सांग, झोपलाय.

मी आतल्या खोलीत आहे. भांडायचं असेल तर संध्याकाळी. आत्ता उठवू नकोस.